ओव्हरसायनिंग

ओव्हरसायनिंग म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये उपलब्ध शिष्यवृत्तींपेक्षा अधिक नवोदित खेळाडूंशी करार करण्याची पद्धत होय. संघात जितक्या जागा रिकाम्या होणार असतात, त्याहून जास्त खेळाडूंच्या सह्या घेतल्या जातात आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी जादा संख्या निरनिराळ्या मार्गांनी कमी केली जाते. ही पद्धत अनेक वर्षे नियमांच्या चौकटीत बसत होती. तथापि, अनिश्चिततेचा भार विद्यापीठाऐवजी सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यावर पडतो, या कारणास्तव तिच्या नैतिकतेवर दीर्घकाळ वाद झाला.

पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉल हा भारतात फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून वेगळा आहे. त्यात अंडाकृती चेंडू प्रामुख्याने हाताने नेला किंवा फेकला जातो. एका वेळी प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. परंतु चढाई, बचाव आणि चेंडू लाथाडण्याचे प्रसंग यांसाठी वेगवेगळे गट लागतात. दुखापतींचे प्रमाणही मोठे असल्याने संघ शंभराच्या आसपास खेळाडूंचे असतात.

महाविद्यालयीन खेळांचे नियमन नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन (एनसीएए) ही संस्था करते. क्रीडा शिष्यवृत्तीत शिकवणी शुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके यांचा खर्च मिळतो. अमेरिकेतील उच्च शिक्षण महाग असल्याने अल्प उत्पन्न असलेल्या अनेक कुटुंबांसाठी ही शिष्यवृत्ती म्हणजे मुलाच्या पदवीचा एकमेव मार्ग असतो.

सर्वोच्च विभागातील फुटबॉल संघाला १९९४ पासून एका वेळी कमाल ८५ शिष्यवृत्ती देता येत होत्या. एका वर्षात शिष्यवृत्तीवर घेतल्या जाणाऱ्या नव्या खेळाडूंची मर्यादा २५ होती. या मर्यादा प्रत्यक्ष शिष्यवृत्तीवर असलेल्या खेळाडूंची गणना करीत. सही केलेल्या परंतु अद्याप दाखल न झालेल्या खेळाडूंची नव्हे. ओव्हरसायनिंगचा उगम या फरकात आहे.

कार्यपद्धती

शालेय खेळाडू परंपरेने फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारपासून 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' या करारपत्रावर सही करीत. २०१७ पासून डिसेंबरमध्येही सहीची मुदत ठेवण्यात आली. हंगाम सुरू होतो तो ऑगस्टअखेरीस. मधल्या महिन्यांत संघाची नेमकी संख्या अनिश्चित असते.

उदाहरणार्थ, एखाद्या संघात ६८ शिष्यवृत्तीधारक खेळाडू परतणार असतील तर १७ जागा रिकाम्या राहतात. प्रशिक्षकाने २५ सह्या घेतल्यास ऑगस्टपूर्वी आठ जण कमी होणे आवश्यक ठरते. ही घट पुढील मार्गांनी होते :

शैक्षणिक अपात्रता : सही केलेल्या काही विद्यार्थ्यांना प्रवेशासाठी आवश्यक गुण मिळत नाहीत.

ग्रेशर्ट : नव्या खेळाडूचा पूर्णवेळ प्रवेश पुढील जानेवारीपर्यंत लांबवला जातो. तोपर्यंत त्याला शिष्यवृत्ती मिळत नाही.

वैद्यकीय शिष्यवृत्ती : दुखापतीमुळे खेळण्यास अयोग्य ठरलेल्या खेळाडूचे आर्थिक साहाय्य चालू राहते, परंतु तो ८५ मध्ये मोजला जात नाही. त्या विद्यापीठातील त्याची क्रीडा कारकीर्द मात्र संपते.

स्थलांतर : संघात संधी मिळणार नाही असे सूचित झाल्यावर खेळाडू दुसऱ्या विद्यापीठात जातो.

नूतनीकरण नाकारणे : १९७३ पासून शिष्यवृत्ती एका वर्षाची असे आणि तिचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागे. विद्यापीठ ते नाकारू शकत असे.

यांतील पहिला मार्ग विद्यार्थ्याच्या गुणांवर अवलंबून असतो. इतर मार्गांत प्रशिक्षकाचा प्रभाव किती, हाच वादाचा मुद्दा राहिला. २०१० मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने अलाबामा विद्यापीठाच्या काही माजी खेळाडूंच्या हवाल्याने वैद्यकीय शिष्यवृत्तीसाठी दबाव आल्याचे वृत्त दिले. असे निर्णय वैद्यकीय तज्ज्ञ घेतात, अशी विद्यापीठाची भूमिका होती.

नैतिक प्रश्न

समर्थकांच्या मते गळती अटळ असते. प्रत्येक वर्षी काही विद्यार्थी नापास होतात, काही घरी परततात, काहींना दुखापत होते. नेमक्या रिकाम्या जागांइतक्याच सह्या घेतल्यास संघ अपुरा राहतो आणि एखाद्या गरजू विद्यार्थ्याला मिळू शकणारी शिष्यवृत्ती वाया जाते. शैक्षणिकदृष्ट्या काठावर असलेल्या विद्यार्थ्यांना संधी देणे जादा सह्यांमुळेच शक्य होते, असाही युक्तिवाद केला जातो. ग्रेशर्टची शक्यता आधीच सांगितली असेल आणि कुटुंबाने ती मान्य केली असेल, तर फसवणूक होत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप बंधनाच्या विषमतेवर आहे. करारपत्रावर सही केलेला विद्यार्थी दुसरीकडे गेल्यास त्याला एक वर्ष खेळापासून दूर राहावे लागे व पात्रतेचा एक हंगामही गमवावा लागे. सहीनंतर इतर विद्यापीठे त्याच्याशी संपर्क ठेवू शकत नसत. जागा नसल्याचे त्याला उन्हाळ्यात कळल्यास इतर संघांतील जागा तोवर भरलेल्या असत. विद्यापीठाला मात्र चुकीच्या अंदाजाची तेवढी किंमत मोजावी लागत नसे. दुसरा आक्षेप जुन्या खेळाडूंविषयी आहे. नव्या खेळाडूसाठी जागा करताना आधीच शिकत असलेल्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती गेल्यास त्याचे शिक्षणच खंडित होऊ शकते.

फ्लोरिडा विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष बर्नी मॅकेन यांनी २०११ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'साठी लिहिलेल्या लेखात या प्रथेवर नैतिक आधारावर कठोर टीका केली. त्यांचे विद्यापीठ ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे सदस्य होते, त्याच गटात ही प्रथा सर्वाधिक चर्चेत होती.

नियमांतील बदल

बिग टेन कॉन्फरन्सने १९५६ पासून ओव्हरसायनिंगवर बंदी घातली होती. २००२ मध्ये ती शिथिल करून मर्यादेपेक्षा तीन जादा सह्यांची मुभा देण्यात आली. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये असे बंधन नव्हते. २००९ मध्ये ह्यूस्टन नट प्रशिक्षक असताना मिसिसिपी विद्यापीठाने ३७ खेळाडूंच्या सह्या घेतल्या. त्यानंतर या कॉन्फरन्सने वार्षिक सह्यांवर २८ ची मर्यादा घातली. तिला 'ह्यूस्टन नट नियम' असे म्हटले जाते. २०११ मध्ये ती २५ वर आणण्यात आली.

शिष्यवृत्तीच्या सुरक्षेबाबतही बदल झाले. २०१२ पासून एकाहून अधिक वर्षांची शिष्यवृत्ती देण्यास परवानगी मिळाली. २०१५ मध्ये पाच प्रमुख कॉन्फरन्सनी केवळ क्रीडा कामगिरीच्या कारणावरून शिष्यवृत्ती बंद करण्यास मनाई केली. २०२१ पासून खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाल्याने बंधनातील विषमता काहीशी कमी झाली. मात्र स्थलांतर वाढल्याने संघाची संख्या सांभाळणे कठीण झाले आणि २०२२ मध्ये २५ ची वार्षिक मर्यादा दोन वर्षांसाठी स्थगित करण्यात आली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नॅशनल लेटर ऑफ इंटेंटची पद्धत रद्द झाली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी 'हाउस विरुद्ध एनसीएए' खटल्यातील तडजोडीला मान्यता दिली. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्तींची मर्यादा जाऊन त्याऐवजी १०५ खेळाडूंची संघमर्यादा आली. या मर्यादेमुळे संघाबाहेर पडणाऱ्या विद्यमान खेळाडूंना संरक्षण नाही, या कारणास्तव न्यायाधीशांनी आधी मान्यता रोखली होती. सुधारित तडजोडीत अशा खेळाडूंना मर्यादेत न मोजण्याची सवलत देण्यात आली.

भारतीय संदर्भ

भारतातील विद्यापीठीय क्रीडा व्यवस्थेत या स्वरूपाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण येथे सर्वसाधारणपणे प्रवेश आधी आणि संघनिवड नंतर होते. उदाहरणार्थ, खानदेशातील एरंडोल, अमळनेर, जळगाव किंवा धुळे येथील महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. महाविद्यालयात शिकणारे विद्यार्थी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरतात. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत खेळतो. संघातून वगळलेल्या विद्यार्थ्याचा महाविद्यालयीन प्रवेश त्यामुळे रद्द होत नाही.

जागांपेक्षा अधिक उमेदवार राखून ठेवण्याची कल्पना मात्र भारतात परिचित आहे. शासकीय भरतीत निवड यादीबरोबर प्रतीक्षा यादी लावली जाते. शंकरसन दाश विरुद्ध भारत सरकार (१९९१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निवड यादीत नाव आल्याने नियुक्तीचा अबाधित हक्क मिळत नाही, असा निर्णय दिला. तथापि, जागा न भरण्याचा निर्णय मनमानी असता कामा नये, हेही स्पष्ट केले. रेल्वेच्या आरएसी तिकिटातही प्रवाशाला बसण्याची जागा नक्की असून पूर्ण शायिका अनिश्चित आहे, हे तिकिटावरच नमूद असते.

या दोन्ही उदाहरणांत उमेदवाराला किंवा प्रवाशाला आपला क्रमांक ठाऊक असतो आणि तो अन्य पर्याय खुले ठेवू शकतो. ओव्हरसायनिंगमध्ये आपण जादा ठरणाऱ्यांपैकी आहोत, याची सही करणाऱ्या विद्यार्थ्याला अनेकदा कल्पना नसे आणि अन्य पर्याय सहीबरोबरच बंद होत. त्यामुळे टीकाकारांचा रोख जादा संख्येपेक्षा या अपारदर्शकतेवर आणि एकतर्फी बंधनावर अधिक राहिला आहे.