दीड वाटी पाणी गेलं कुठं?

बालमित्रांनो, जुन्नर-आंबेगावकडे पाहुणे म्हणून गेलात, तर ताटात कधी ना कधी मासवडी येणारच! नावात मास असलं तरी ही वडी शाकाहारी. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन घालून घट्ट पिठलं करायचं, ते ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण पसरायचं आणि फडक्यानेच वळकटी वळायची. मग वड्या कापून झणझणीत रश्श्याबरोबर खायच्या.

आमच्या वर्गातल्या एका मुलीची आजी फार छान मासवडी करायची. आजी गेली, पण तिने सांगितलेली कृती वडिलांनी कॉम्प्युटरवर पाककृतींच्या एका प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवली होती. पुढे त्यांनी नवा प्रोग्रॅम घेतला आणि जुन्यातल्या सगळ्या कृती एका झटक्यात नव्यात आणल्या. दिवाळीच्या सुटीत आईने ती कृती पाहून मासवडी केली, तर वळकटी फुटली! पुन्हा केली, पुन्हा फुटली. आजीची मासवडी हरवली की काय?

चला, चोर शोधू या!

आपल्याला कृती हा सलग मजकूर वाटतो. प्रोग्रॅमसाठी मात्र तो मिसळणाचा डबा असतो. एका वाटीत पदार्थाचं नाव, दुसरीत प्रमाण, तिसरीत माप, चौथीत जिन्नस, पाचवीत कृती. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात कृती नेणं म्हणजे या डब्यातलं त्या डब्यात ओतणं. दोन्ही डब्यांच्या वाट्या सारख्या नसतील, तर सांडलवंड होणारच.

मील-मास्टर नावाचा एक जुना प्रोग्रॅम होता. त्यात मापासाठी फक्त दोन अक्षरांची जागा होती आणि जिन्नसासाठी अठ्ठावीस! नाव लांबलं, की उरलेलं पुढच्या ओळीत आडवी रेघ देऊन लिहायचं. ही खूण दुसऱ्या प्रोग्रॅमला ठाऊक नसेल, तर तो एका जिन्नसाचे दोन करून टाकी.

मराठीची अडचण आणखी वेगळी. जुन्या मराठी फाँटमध्ये कॉम्प्युटर आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवायचा, फक्त चित्र मराठी दिसायचं. तो फाँट नसला, की मजकुराची खिचडी! १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. त्यात मासवडीच्या ‘म’चा क्रमांक आहे २३५०.

मग आपला चोर कोण? वडिलांनी जुनी फाईल पुसली नव्हती. दोन्ही कृती शेजारी ठेवून मुलीने ओळ न् ओळ ताडून पाहिली. जुन्यात होतं, ‘एक वाटी बेसन, दीड वाटी पाणी.’ नव्यात पाणी एकच वाटी! नव्या प्रोग्रॅमच्या प्रमाणाच्या कप्प्याला फक्त आकडे कळत होते. ‘दीड’ हा शब्द त्याला समजला नाही, म्हणून त्याने १ लिहून टाकला. पाणी कमी, पिठलं कोरडं, वळकटी फुटणारच! तिने तिथे १.५ लिहिलं. त्या दिवशी वळकटी अखंड उतरली.

दोस्तांनो, पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आपले लाडके शब्द. ते सोडू नका, पण शेजारी ०.२५, ०.७५, १.२५, १.५, २.५ असे आकडेही लिहा. घरातल्या वाटीत किती मिलिलिटर पाणी मावतं ते मोजून टिपा, कारण वाटी घरोघर वेगळी असते. कृती हलवायच्या असतील, तर आधी एकच हलवून तपासा. आणि सगळं नीट आलं आहे याची खात्री होईपर्यंत मूळ प्रत मुळीच पुसू नका.

आणि हो, तुमची आजी जवळ असेल, तर आजच वही घेऊन तिच्याजवळ बसा. ती म्हणेल, “अगं, अंदाजानं घालायचं!” तेव्हा तिचा अंदाज वाटीने मोजून घ्या!