जंगलातून गोरेवाड्याकडे

नागपूरजवळील गोरेवाड्याच्या आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यानातील ‘भारतीय सफारी’ २६ जानेवारी २०२१ रोजी लोकांसाठी खुली झाली, तेव्हा तेथे विशेष आकर्षण ठरलेला ‘राजकुमार’ हा वाघ भंडारा जिल्ह्यातील तुमसर परिसरातून पकडून आणलेला होता. मानवी वस्तीशी संबंध आल्यामुळे जंगलाला पारखा झालेला हा प्राणी प्रदर्शनासाठी मिळवलेला नव्हता, आणि प्राणिसंग्रहालय या संस्थेत शंभर वर्षांत झालेला पालट या एका बाबीवरूनही ध्यानात येतो.

विदर्भातील जुने प्राणिसंग्रहालय म्हणजे नागपूरची महाराजबाग. भोसलेकालीन उद्यानात १८९४ मध्ये सुरू झालेले आणि आज डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत असलेले हे संग्रहालय विदर्भातील अनेक पिढ्यांनी लहानपणीच पाहिलेले आहे. त्या काळी जगभर पिंजऱ्यांची रचना पाहणाऱ्याच्या सोयीने होत असे, प्राण्याच्या गरजेने नव्हे. वाघ हा एकलकोंडा प्राणी अनेक चौरस किलोमीटरचा प्रदेश गंधखुणांनी आपला म्हणून राखतो. अरुंद जागेत कोंडल्यास तो एकाच वाटेवर तासन्‌तास येरझारा घालू लागतो, आणि अशा निष्प्रयोजन पुनरावृत्तीला प्राणिशास्त्रात ‘साचेबद्ध वर्तन’ म्हणतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती होऊन पुढच्याच वर्षी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, आणि प्राण्यांच्या निवाऱ्याचे, आहाराचे व उपचारांचे निकष देशभर लागू झाले.

सुमारे १,९१४ हेक्टरांवर आखलेल्या गोरेवाडा प्रकल्पात सफारीच्या आधीच वन्यजीव बचाव केंद्र उभे राहिले, आणि हा क्रम योग्यच होता. नागझिरा, कोका आणि पवनीच्या जंगलांना जोडणाऱ्या वाटा शेतांतून, गावांशेजारून आणि रस्त्यांवरून जातात, त्यामुळे वाघ-बिबट्यांचा माणसाशी सामना अटळ असतो. जखम भरलेला प्रौढ प्राणी पुष्कळदा जंगलात परत सोडता येतो. परंतु आईपासून तुटलेला बछडा माणसाच्या हातून वाढला, तर त्याला शिकार साधत नाही आणि माणसाची भीतीही उरत नाही, म्हणून त्याला आयुष्यभर बंदिवासात राहावे लागते. उलट, निरोगी रानटी प्राणी नव्या जंगलात हलवता येतो. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातील दोन वाघिणी रेडिओ कॉलर लावून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या, हे त्याचेच उदाहरण.

बंदिवासाचे धोकेही निराळे असतात. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि तपासणीत ‘एच५एन१’ हा बर्ड फ्लूचा विषाणू आढळला. मुळात पक्ष्यांचा असलेला हा विषाणू मांजरकुळातील प्राण्यांच्या फुप्फुसांतील खोलवरच्या पेशींनाही चिकटतो, आणि संसर्गित कोंबडीचे कच्चे मांस हा त्याच्या शिरकावाचा सुपरिचित मार्ग आहे. थायलंडमध्ये २००४ साली अशाच आहारामुळे एका व्याघ्रसंग्रहालयात साथ पसरून शंभराहून अधिक वाघ गेले. त्यामुळे मांसाच्या उगमाची खात्री करणे, नव्या प्राण्याला विलगीकरणात ठेवणे आणि आजाराच्या पहिल्या लक्षणावर नमुने प्रयोगशाळेत पाठवणे, ही सफारीच्या बसमधून कधीच न दिसणारी कामे बचाव केंद्राचा कणा ठरतात. तुमसर-पवनीकडून पुढे येणारा प्राणी जगेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्यांच्यावरच अवलंबून असते.