फ्लॅशचा अस्त आणि खिशातील संगणक

बीड तालुक्यातील नारायणगड हे क्षेत्र मराठवाड्यात 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखले जाते. नगद नारायण महाराजांच्या या गडावर १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, विजयादशमीला, मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा भरला. त्या मेळाव्याच्या राजकारणाची चर्चा येथे करावयाची नाही. आजच्या विषयाशी त्याचा संबंध आहे तो एवढाच, की जे गडावर पोहोचू शकले नाहीत त्यांना तो हातातील मोबाइलवर पाहता आला. आणि त्यासाठी कोणालाही फोनमध्ये एखादी जादा आज्ञावली उतरवून घ्यावी लागली नाही. हे आता इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात सांगण्यासारखे काही आहे असे वाटू नये. परंतु २०१० साली याच गोष्टीवरून अमेरिकेतील दोन बलाढ्य कंपन्यांत जाहीर भांडण जुंपले होते. त्या भांडणाचा निकाल नारायणगडाखालच्या वाड्या-वस्त्यांना न विचारता लागला, आणि तो लागू मात्र त्यांनाही झाला.

वादाचा विषय होता 'फ्लॅश'. १९९६ मध्ये 'फ्यूचरस्प्लॅश' या नावाने जन्मलेले हे तंत्र मॅक्रोमीडिया या कंपनीने घेतले, त्याचे नामांतर केले, आणि २००५ मध्ये ती कंपनीच अ‍ॅडोबीने विकत घेतली. त्या काळच्या ब्राउझरला अक्षरे आणि स्थिर चित्रे दाखविता येत. चलच्चित्र, ध्वनी, खेळ हे त्याला स्वतःच्या बळावर जमत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी त्याला बाहेरून एक जोड द्यावी लागे. तिलाच प्लगइन म्हणत, आणि अशा प्लगइनांत फ्लॅशचा प्रसार फार मोठा होता. २००५ मध्ये सुरू झालेले यूट्यूब आरंभी फ्लॅशच्याच खांद्यावर उभे होते. जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर कॅफेत तासावारी पैसे मोजून ज्यांनी परीक्षेचे निकाल पाहिले, त्यांना 'फ्लॅश प्लेअर अद्ययावत करा' ही सूचना नक्कीच आठवत असेल.

अ‍ॅपलने २००७ मध्ये आयफोन बाजारात आणला तो फ्लॅशला वगळून. ही तात्पुरती अडचण असावी असे अनेकांना वाटले. एप्रिल २०१० मध्ये आयपॅडही तसाच आला, तेव्हा मात्र हे धोरण आहे याविषयी शंका उरली नाही. २९ एप्रिल २०१० रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी स्वतःच्या सहीने एक अनावृत पत्र प्रसिद्ध केले. फ्लॅश ही एकाच कंपनीच्या मालकीची वस्तू आहे. तिच्यामुळे यंत्र बंद पडते आणि सुरक्षिततेला भगदाड पडते. ती बॅटरी खाते. ती माउससाठी घडविलेली आहे, बोटासाठी नाही, असे त्यांचे आक्षेप होते. यांतील शेवटचा आक्षेप वाटतो त्याहून खोल आहे. माउसचा बाण एखाद्या चित्रावर नुसता नेऊन ठेवला की यादी उघडावी, अशी रचना फ्लॅशच्या शेकडो स्थळांवर होती. बोट असे अधांतरी ठेवता येत नाही, ते टेकते किंवा टेकत नाही. परंतु पत्रातील खरे मर्म निराळेच होते. आपला फोन आणि त्यासाठी आज्ञावली लिहिणारा कारागीर यांच्यामध्ये तिसऱ्या कंपनीचे साधन येऊ द्यावयाचे नाही, हे जॉब्ज यांनी स्पष्टपणे लिहिले.

अ‍ॅडोबीची सूत्रे त्या वेळी हैदराबादचे शंतनू नारायण यांच्या हाती होती. त्यांनी हे सारे आक्षेप म्हणजे धूळफेक असल्याचे सांगितले. पुढे मे महिन्यात कंपनीचे संस्थापक जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनीही अनावृत पत्र काढले, वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या. आपले साधन कोणते असावे आणि मजकूर कोठे प्रसिद्ध करावा हे ठरविण्याचे स्वातंत्र्य लोकांना हवे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी अँड्रॉइड फोनांवर फ्लॅश आले, आणि 'आमच्या फोनवर संपूर्ण इंटरनेट दिसते' अशी जाहिरातबाजीही काही काळ झाली.

प्रस्तुत लेखकाला जॉब्ज यांचा तांत्रिक पक्ष बळकट आणि नैतिक पक्ष लंगडा वाटतो. तांत्रिक पक्षाचा निर्वाळा खुद्द अ‍ॅडोबीनेच दिला. फोनवर फ्लॅश रखडत चाले, आणि जॉब्ज यांच्या मृत्यूनंतर जेमतेम महिन्याभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, अ‍ॅडोबीने मोबाइलसाठीचे फ्लॅश यापुढे विकसित करणार नसल्याचे जाहीर केले. २०१५ मध्ये 'हॅकिंग टीम' या इटालियन कंपनीची कागदपत्रे फुटली, तेव्हा त्यांत फ्लॅशमधील अज्ञात भगदाडांचा साठाच सापडला. पण दुसऱ्याच्या वस्तूला 'एकाच कंपनीच्या मालकीची' म्हणून नाकारणारा फोन स्वतः कोणाच्या मालकीचा होता? त्यावर कोणती आज्ञावली चढावी हे एकटी अ‍ॅपल ठरवीत होती, तिच्याच दुकानातून ती घ्यावी लागत होती, आणि विक्रीतील तीस टक्के वाटा अ‍ॅपलच्या गल्ल्यात पडत होता. फ्लॅशमधील खेळ ब्राउझरमध्ये फुकट खेळता आले असते, तर त्या दुकानाकडे कोण वळले असते? आपले उत्पादन बंदिस्त आहे हे जॉब्ज यांनी पत्रात नाकारले नाही. आंतरजालाचे मानदंड मात्र खुले असावेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते म्हणणे योग्य होते. मात्र ते त्यांच्या तोंडून ऐकताना थोडे हसू येते.

मराठवाड्यातील वाचकाला हा प्रश्न समजण्यासाठी कॅलिफोर्नियापर्यंत जाण्याचे कारण नाही. निजामाच्या अमदानीत १९०० च्या सुमारास हैदराबादहून मनमाडला आलेली लोहमार्गाची वाट मीटरच्या रुळांची होती, आणि मनमाडहून मुंबईकडे जाणारी वाट मोठ्या रुळांची. प्रवासी मनमाडला उतरे, गाडी बदले. माल एका वाघिणीतून दुसरीत भरावा लागे. १९९० च्या दशकात मनमाडकडून मराठवाड्यात येणाऱ्या मार्गाचे रुंदीकरण झाले, तेव्हा लहान रुळांसाठी कोणी अश्रू ढाळले नाहीत. फ्लॅश हा असाच लहान रूळ होता. फरक दोन होते. रूळ बदलण्याचा निर्णय लोकांना जबाबदार असलेल्या रेल्वेने घेतला होता, आणि जुना माल नव्या गाडीत चढविण्याची व्यवस्थाही तिनेच केली. येथे निर्णय एका खासगी कंपनीचा, आणि मालाचे काय करायचे ते ज्याचे त्याने पाहावे!

बीड शहरात प्रत्यक्ष रेल्वेगाडी यावयास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. इंटरनेट मात्र त्याच्या कितीतरी आधी आले, आणि ते टेबलावर नव्हे तर खिशात आले. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाने आधी घरात संगणक घेतला, मग फोन. नारायणगडाच्या परिसरातील बहुतेक घरांत संगणक आलाच नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला तेव्हा फोन आला, आणि तोच संगणक झाला. जेव्हा तो आला तेव्हा वादाचा निकाल लागून गेला होता. ज्या आयफोनपायी हा वाद झाला तो या भागात क्वचितच कोणाच्या हाती असेल. पण त्याच्या नकारामुळे साऱ्या जगाने वळण बदलले, आणि पाच-सहा हजारांच्या अँड्रॉइड फोनवरही फ्लॅशमधील काहीही उघडेनासे झाले. ज्याच्यापाशी संगणक आहे त्याच्या दृष्टीने ही एक गैरसोय होती. ज्याच्यापाशी फोनशिवाय काही नाही, त्याच्यासाठी फोनवर न उघडणारी वस्तू अस्तित्वातच नसते.

यात सर्वाधिक झळ शाळांना बसली, आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची मोठी लाट आली. ती बहुतांशी लोकवर्गणीवर उठलेली होती हे विसरता कामा नये. गावकऱ्यांनी पैसे गोळा करून प्रोजेक्टर घेतले, शिक्षकांनी पदरमोड केली, आणि त्यावर दाखविण्यासाठी खासगी प्रकाशकांचे पाठसंच विकत घेतले. अशा अनेक संचांच्या पोटात फ्लॅश होते. काही हौशी शिक्षकांनी रात्री जागून स्वतः असे पाठ तयार केले. विकणाऱ्याने सांगितले नाही, आणि घेणाऱ्याला ठाऊक नव्हते, की या तंत्राला फोनवर प्रवेश नाकारून पाच वर्षे झाली आहेत. शाळेच्या संगणकावर ते पाठ चालत. मुलाच्या घरच्या फोनवर ते उघडत नसत.

तोवर हे कोणाला खुपले नाही, कारण शाळा भरत होती. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली आणि फोन हीच शाळा झाली. २०१७ मध्ये सुरू झालेला केंद्राचा 'दीक्षा' मंच आणि पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड यांनी त्या काळात बरेच तारले, कारण तेथील चित्रफिती साध्या फोनवर उघडत होत्या. बीड जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात, अनेकदा मुले बरोबर असतात. ज्या पाठाला शाळेचा संगणक लागतो तो पाठ कोपीपर्यंत जात नाही. जो फोनवर उघडतो तो निदान जाऊ शकतो. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर २०२० रोजी, अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधार कायमचा काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरमधून मजकूर चालणेच बंद केले. ही तारीख २०१७ च्या जुलैमध्येच जाहीर झाली होती. म्हणजे साडेतीन वर्षांची मुदत होती. तरीही दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याला जानेवारी २०२१ मध्ये केवळ आपले जुने फॉर्म भरता यावेत म्हणून स्वतःचा निराळा ब्राउझर काढावा लागला. सरकारी खाती सर्वत्र सारखीच, हा दिलासा मानावा की काय, कोण जाणे!

आपल्याला तर ही ठेच आधीच एकदा लागलेली होती. कोणत्याही कचेरीतील लिपिकाला विचारावे. शिवाजी, किरण, योगेश अशा फॉण्टांत टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की तेथे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसे. कारण प्रत्येक फॉण्टवाल्याने अक्षरांना आपल्या मर्जीने क्रमांक दिले होते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान होते, तरी आपण पुढची दीड-दोन दशके आपापल्या फॉण्टांना कवटाळून बसलो. त्या काळातील कितीतरी परिपत्रके, प्रबंध आणि प्रश्नपत्रिका आज रूपांतर केल्याशिवाय वाचता येत नाहीत. त्या मानाने १९७६ मध्ये छापलेला मराठी विश्वकोशाचा पहिला खंड अजून कोणाच्याही परवानगीवाचून उघडतो.

ज्यांनी वेळीच पाऊल उचलले त्यांची उदाहरणेही आहेत. नोबेल पारितोषिकविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा विज्ञानातील प्रयोगांचा उपक्रम सुरू केला. त्यातील प्रयोग फ्लॅश आणि जावा यांत लिहिलेले होते. ते एकेक करून खुल्या एचटीएमएल ५ या मानदंडात पुन्हा लिहिण्यात आले, आणि आज त्यांतील कितीतरी मराठीतून फोनवर चालतात. आपल्याकडील आयआयटींच्या 'व्हर्च्युअल लॅब्ज' प्रकल्पालाही तेच करावे लागले. हे शक्य झाले, कारण मूळ लेखन त्यांच्यापाशी होते. खासगी प्रकाशकाचा संच विकत घेणाऱ्या शाळेला तयार तबकडी मिळते, मूळ लेखन मिळत नाही. प्रकाशकाने धंदा गुंडाळला की पाठही गुंडाळला गेला.

फोन बनविणाऱ्यांच्या दारावरील सत्तेला आता कोठे कोठे आवर घातला जात आहे. भारताच्या स्पर्धा आयोगाने २०२१ च्या अखेरीस अ‍ॅपलच्या दुकानाची चौकशी आरंभिली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या संदर्भात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हे स्वागतार्ह असले, तरी गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावरील निविदेला त्याचा उपयोग नाही. तेथे दोनच अटी हव्यात: पाठ्यसाहित्य खुल्या मानदंडात असावे आणि कोणत्याही साध्या फोनवर उघडावे, आणि त्याचे मूळ लेखन शासनाच्या किंवा शाळेच्या ताब्यात द्यावे. जी रक्कम लोकवर्गणीची आहे तिच्या बाबतीत तर या अटी अधिकच कडक असाव्यात. गावाने एकदा दिलेले पैसे दुसऱ्यांदा मागण्याचे तोंड मुख्याध्यापकाला नसते.

राहिला प्रश्न जुन्या पाठांचा. ते सगळेच गेले असे नाही. 'रफल' नावाची एक खुली आज्ञावली स्वयंसेवक लिहीत आहेत. ती फ्लॅशच्या जुन्या फायली आजच्या ब्राउझरमध्ये, फोनवरसुद्धा, बऱ्याच प्रमाणात चालवून दाखविते. अमेरिकेतील इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून तिच्याच आधारे हजारो जुने खेळ आणि चलच्चित्रे जतन केली आहेत. एखाद्या शिक्षकाने दहा वर्षांपूर्वी स्वतः रचलेला अपूर्णांकांचा पाठ या मार्गाने पुन्हा उघडू शकेल. मात्र त्यासाठी शाळेच्या भांडारातील जुनी साधने निर्लेखित करण्याआधी त्या संगणकात आणि कपाटातील तबकड्यांत काय आहे, ते कोणी तरी उतरवून घ्यावयास हवे. निर्लेखनाच्या छापील नमुन्यात यंत्राची किंमत आणि खरेदीची तारीख लिहावयास रकाना असतो; आत काय होते, ते लिहावयास नसतो.