‘ॲसिडिटीच आहे’ म्हणून परत पाठवलं तर? हृदयाच्या तक्रारीत डॉक्टरांशी कसं बोलायचं?

छातीत जळजळ, दोन खांद्यांच्या मध्ये पाठीत दुखणं, जिना चढताना लागणारी धाप. अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकांच्या हातात पित्ताच्या गोळ्यांची चिठ्ठी पडते. कित्येकदा निदान बरोबरही असतं. पण ते चुकलं, तर प्रश्न मिनिटांचा असतो. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद झाली की स्नायू मरायला लागतो आणि मेलेला स्नायू पुन्हा पूर्ववत होत नाही.

तरीही ‘डॉक्टरांना कसं विचारायचं, ते रागावले तर?’ म्हणून लोक गप्प बसतात. खरं तर इथे दोन गोष्टी ओळखता यायला हव्यात : तपासणीसाठी आग्रह कधी धरायचा आणि शस्त्रक्रियेला ‘हो’ म्हणण्याआधी कधी थांबायचं.

बायकांचं दुखणं ‘टेन्शन’ का ठरतं?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक डॉ. बर्नाडिन हिली यांनी १९९१ मध्ये या प्रकाराला ‘येंटल सिंड्रोम’ असं नाव दिलं. येंटल ही एका कथेतली मुलगी. शिकता यावं म्हणून ती पुरुषाचा वेश घेते. हिली यांचा मुद्दा असा होता की, आपला आजार पुरुषांसारखाच आहे हे सिद्ध केल्याशिवाय बाईला पुरुषांसारखे उपचार मिळत नाहीत.

हार्ट अटॅकमध्ये बायकांच्याही छातीत दुखतंच. पण त्यासोबत धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, कमालीचा थकवा ही लक्षणं त्यांच्यात जास्त आढळतात. मधुमेह असलेल्यांना कधी कधी फारसं दुखतही नाही. शिवाय भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात गाठतो. त्यामुळे ‘तुमचं वयच काय आहे?’ हे उत्तर पुरेसं नाही.

तातडीच्या वेळी काय सांगायचं?

‘कसंतरी होतंय’ यावरून डॉक्टरांना फार काही कळत नाही. त्याऐवजी असं सांगा : ‘सकाळी ७ पासून छाती दाबल्यासारखी वाटतेय. चाललं की वाढतं, थांबलं की कमी होतं. मला शुगर आहे. वडिलांना पन्नाशीच्या आत अटॅक आला होता.’ कधीपासून, कशाने वाढतं आणि धोका काय, हे तिन्ही यात आलं. तंबाखू, बीपी, चालू गोळ्या यातलं काही लपवू नका.

मग थेट विचारा :

- ‘ईसीजी काढता का?’ छातीत दुखणारा रुग्ण आला की १० मिनिटांत ईसीजी व्हावा, असं उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.
- ‘पहिला ईसीजी नॉर्मल आहे, पण त्रास थांबलेला नाही. पुन्हा काढायचा का?’ एक नॉर्मल ईसीजी म्हणजे अटॅक नाही, असं होत नाही. ट्रोपोनिन या रक्ततपासणीचा आकडा वाढायलाही काही तास लागू शकतात, म्हणून तीही पुन्हा करावी लागते.
- ‘हे हृदयाचं नाही, हे कशावरून ठरवलं? केस पेपरवर लिहून द्याल का?’ हे आवाज न चढवता विचारा. लिहून द्यायचं म्हटलं की निर्णयाचा पुन्हा एकदा विचार होतो.

दवाखान्यात ईसीजीची सोय नसेल तर तिथे वाट बघू नका. १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ईसीजीत मोठा अटॅक स्पष्ट दिसत असेल तर सेकंड ओपिनियनमध्ये वेळ घालवू नका. तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते. कॅथलॅब लांब असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येईल का, हे विचारा.

थांबून विचार कधी करायचा?

समजा अटॅक आलेला नाही, त्रास फक्त चालताना होतो आणि तो वाढतही नाहीये. पण अँजिओग्राफीत ब्लॉकेज दिसलं आणि नातेवाइकांना ‘आत्ताच सही करा’ असं सांगण्यात आलं. अशा स्थिर रुग्णांवर ‘इस्केमिया’ नावाचा मोठा अभ्यास झाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते, त्यात भारतीयही होते. आधी औषधं देऊन पाहण्यापेक्षा सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने अटॅकचा किंवा मृत्यूचा धोका कमी झाल्याचं दिसलं नाही. छातीतल्या दुखण्याला मात्र आराम पडला. डाव्या मुख्य वाहिनीत मोठं ब्लॉकेज असलेले आणि नुकताच अटॅक येऊन गेलेले रुग्ण यात नव्हते. त्यांचा निर्णय वेगळा असतो.

म्हणून सही करण्याआधी विचारा :

- ब्लॉकेज कोणत्या वाहिनीत आहे?
- औषधांवर थांबलो तर काय होईल?
- स्टेंटमुळे आयुष्य वाढेल की फक्त त्रास कमी होईल?
- दोन दिवसांनी निर्णय घेतला तर धोका आहे का?

हे विचारण्याचा हक्क आहे का?

आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली १७ रुग्ण हक्कांची सनद २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केली. आजाराची माहिती मिळणं, सेकंड ओपिनियन घेणं, कागदपत्रं मिळणं हे सगळं त्यात आहे. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांसाठीच्या २०२१ च्या सुधारित नियमांतही रुग्ण हक्कांची सनद आहे आणि ती रुग्णालयाने दर्शनी भागात लावायची आहे. रेकॉर्ड मागितल्यावर ते ७२ तासांत द्यायला हवं, असं वैद्यकीय परिषदेची २००२ ची नियमावली सांगते. स्टेंटच्या किमतीवरही २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. बिलात स्टेंटचा ब्रँड आणि किंमत वेगळी दाखवलेली आहे का, ते पाहा.

पुढच्या भेटीआधी

सगळे ईसीजी, अँजिओग्राफीची सीडी आणि गोळ्यांची यादी एका फाइलमध्ये ठेवा. घरातल्या एकाला सोबत न्या. काय सांगितलं, हे घाबरलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही. स्टेंट टाकलेला असेल तर रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. आणि पित्ताची गोळी घेऊनही त्रास थांबला नाही, तर संकोच न करता परत जा आणि पहिलं वाक्य हेच बोला : ‘गोळी घेतली, फरक पडलेला नाही.’