एंजिनास क्वचितच रेस दिल्यानें अपाय होतो काय?

घरीं ट्रॅक्टर असलेल्या आमच्या वाचकांत दोन पंथ आढळतात. पहिल्या पंथाचे लोक एंजिनास जिवापाड जपतात. रेसचा दांडा अर्ध्याच्या वर सहसा नेत नाहींत. दुसऱ्या पंथाचें म्हणणें असें कीं, नेहमीं दबून चालविलेलें एंजिन आळसावतें. म्हणून अधूनमधून उभ्या ट्रॅक्टरास भरपूर रेस द्यावी आणि आंतील काजळी धुराबरोबर उडवून लावावी. ह्या दोन्हीं मतांत सत्याचा अंश आहे, व दोन्हींत नुकसानीची वाटहि आहे. ऐन वाफशाच्या दिवसांत ट्रॅक्टर मेस्त्रीच्या दारीं उघडून पडला, तर खर्चापेक्षां गेलेली वेळच अधिक बोंचते. म्हणून ह्या प्रश्नाचा नीट विचार केलेला बरा.

फेरे थोडे ठेवल्यानें एंजिनास इजा होते काय? नाहीं. पिस्टन वरखालीं होतांना कनेक्टिंग रॉडवर जो ओढाताणीचा जोर येतो, तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो; म्हणजे फेरे दुप्पट झाले कीं जोर चौपट. शर्यतीच्या धर्तीच्या मोटारी बाळगणारे लोकहि हाच प्रश्न विचारतात. होंडा कंपनीच्या १९९९ सालीं निघालेल्या एस-२००० ह्या मोटारीचें एंजिन मिनिटास ९,००० फेऱ्यांपर्यंत जाई. तें ४,५०० फेऱ्यांवर चालविलें, तर हा जोर चौथाई राहतो. अशा मोटारीचा मालक वरच्या फेऱ्यांस क्वचितच गेला, तर त्यानें यंत्राचे कांहीं गमाविलें असें होत नाहीं. आमच्या विहिरींवर पूर्वीं जीं लिस्टर धर्तीचीं एंजिनें ठक्ठक् करीत चालत, त्यांचे फेरे मिनिटास अवघे ६५० असत. आणि तीं वर्षानुवर्षें टिकलीं.

पण तीं टिकलीं त्याचें कारण लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यांच्यावर पंपाचा पुरता भार असे, आणि तीं तासन्‌तास तापून चालत. मंद फेरे हा दोष नव्हे. थंड आणि रिकामें चालणें हा दोष होय.

डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेल पेटतें. भार थोडा असला म्हणजे आंतील उष्णता उतरते व तेल अर्धवट जळतें. त्याची काजळी नोझलच्या तोंडावर, झडपांवर व रिंगांच्या खांचांत बसते. शिवाय वरच्या रिंगा लायनरला घट्ट चिकटून राहतात त्या मुख्यतः जळत्या वायूच्या दाबानें. तो दाब कमी पडला कीं वायु व न जळलेलें तेल त्यांच्या बाजूनें खालीं झिरपतें. हेंच दीर्घकाळ चाललें तर लायनरच्या अंगावर कांचेसारखा गुळगुळीत थर धरतो, आणि वंगण धरून ठेवणाऱ्या बारीक रेघा बुजून जातात. एक लिटर डिझेल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी निर्माण होतें. तापलेल्या एंजिनांतून तें वाफेच्या रूपानें निघून जातें, थंड एंजिनांत त्यांतील कांहीं भाग वंगणांत उतरतो.

येथें एक फसवी खूण सांगितली पाहिजे. कित्येक गृहस्थ मोठ्या समाधानानें सांगतात, “आमच्या ट्रॅक्टरचें ऑइल मुळींच उतरत नाहीं.” हलकें काम करणाऱ्या एंजिनाचें ऑइल पट्टीवर उतरत नसेल, किंबहुना थोडें चढलेलेंच दिसत असेल, तर त्यांत डिझेल मिसळत असण्याचा संभव आहे. पट्टीवरचा थेंब बोटांत चोळून पाहावा. पातळ लागला व डिझेलचा वास आला, तर तासांचा हिशेब न पाहतां ऑइल बदलावें. पातळ वंगण प्रथम बेअरिंगांस खातें.

पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर रोज वैरणीचे चार भारे आणावयास जुंपणें, किंवा वीज गेली असतां मोठ्या जनित्रावर घरचे दोन दिवे लावणें, हीं ह्या व्याधीचीं नेहमींचीं कारणें आहेत. जनित्रावर शक्तीच्या तीस टक्क्यांहून कमी भार फार वेळ ठेवूं नये, असा सामान्य संकेत आहे.

मग उभ्या ट्रॅक्टरास रेस देऊन काजळी जाते काय? आमचे मतें, हा उपाय जवळजवळ व्यर्थ आहे. फेरे वाढले तरी भार नसल्यानें एंजिन पुरतें तापत नाहीं. इंधन मात्र जातें. सकाळीं थंड एंजिनास अशी रेस देणें तर घातकच, कारण त्या वेळीं वंगण जाड असतें व सर्व भागांस पोंचलेलें नसतें. खरा उपाय कामाचा आहे. पंधरा-वीस दिवसांत एकदां नांगर किंवा रोटाव्हेटर लावून, ठरलेल्या फेऱ्यांवर, तासभर चांगलें ओझें ओढूं द्यावें. मऊ काजळी त्यानें बरीच जळून जाते. लायनरवरचा कांचेरी थर मात्र कशानेंहि जात नाहीं. त्यास पिस्टन काढून दगड फिरविण्यावांचून इलाज नाहीं.

ह्याच्या उलट, इंधन वाचविण्याकरितां वरच्या गिअरांत, थोड्या फेऱ्यांवर नांगर रेटणारेहि आहेत. काळा धूर सुटला व एंजिन कण्हूं लागलें कीं ओझें फेऱ्यांच्या मानानें अधिक झालें असें समजावें आणि खालचा गिअर घ्यावा. त्या वेळीं फेरे वाढविणें हेंच एंजिनास जपणें होय.

टर्बो असलेलें एंजिन जड कामानंतर एकदम बंद करूं नये. दोन-तीन मिनिटें मंद चालूं द्यावें, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगांतील वंगण करपत नाहीं. त्यापुढें गप्पा संपेपर्यंत तें तसेंच चालू ठेवण्याचें कारण नाहीं.