बाहुलीतली पांढरी चमक

तिन्हीसांजेला दिवा लागलेला असतो, बाळ मांडीवर असते. उजेड तिरपा पडतो आणि बाळाच्या एका डोळ्यातली बाहुली क्षणभर पांढरी दिसते, अंधारात मांजराचा डोळा चमकावा तशी. आई नवऱ्याला हाक मारते. तो येईपर्यंत बाळाने मान वळवलेली असते आणि डोळा पुन्हा काळाभोर झालेला असतो. ‘उजेड पडला असेल,’ म्हणून घरातले विषय संपवतात. आईच्या मनातून मात्र तो जात नाही.

रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाची पहिली ओळख पुष्कळ घरांत अशीच होते. डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, अजून पुरत्या न पिकलेल्या पेशींतून ही गाठ वाढते, म्हणून ती बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांनाच होते. प्रमाण साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एक. म्हणजे नाशिकसारख्या शहरातल्या डॉक्टरच्या वाट्याला उभ्या आयुष्यात अशी मुले येणार ती मोजकीच. दुर्मिळ रोगाची खरी अडचण हीच असते. समोरच्या शंभर मुलांच्या डोळ्यांत काहीच वावगे नसते, आणि एकशे एकाव्याच्या वेळी मनात संशय यायला हवा असतो. कधी पांढऱ्या चमकेऐवजी नुसता तिरळेपणा असतो. आपल्याकडे किंचित तिरळा डोळा भाग्याचा मानणारेही आहेत, त्यामुळे तिथेही वेळ जातो. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी आली, तर तो फोटो घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. दोष पुष्कळदा कॅमेऱ्याच्या कोनाचा निघतो. तसा निघाला तर उत्तमच.

निदानाची रीतही इथे जगावेगळी आहे. इतर गाठींचा तुकडा काढून तपासतात. इथे सहसा तसे करत नाहीत, कारण डोळ्यात सुई घातली तर गाठीच्या पेशी बाहेर पसरण्याची भीती असते. मुलाला भूल देऊन, बाहुली औषधाने मोठी करून, डॉक्टर आतला पडदा डोळ्यांनी पाहतात. सोनोग्राफीत गाठीतले चुन्याचे कण दिसतात, एमआरआयमध्ये मागची नस कळते. उपचार ठरवताना डॉक्टर एक क्रम धरतात: आधी जीव, मग डोळा, मग दृष्टी. गाठ लहान असेल तर लेसरने जाळता येते, गोठवता येते, औषधांनी आक्रसवता येते. मोठी असेल तर डोळा काढावा लागतो.

घर थबकते ते इथे. मूल हसते-खेळते आहे, दुखत काही नाही, आणि डॉक्टर डोळा काढायचा म्हणतात. यावर कोणते आईबाप लगेच सही करतील? ‘आणखी एकाला दाखवू’, ‘गावाकडे एक जण झाडपाला देतो’, ‘मुलगी आहे, पुढे लग्नाचे काय’ यात दोन-तीन महिने निघून जातात. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यांच्या जागी बसून पाहिले तर तो विलंब समजतो. गाठीला मात्र तो समजत नाही. ती नसेच्या वाटेने मेंदूकडे सरकते, नाहीतर डोळा बाहेर ढकलते. प्रगत देशांत या रोगाची शंभरांतली पंचाण्णवांहून अधिक मुले वाचतात. आपल्याकडे उशिरा येणारी मुले अजून पुष्कळ आहेत, आणि फरक मुख्यतः या हरवलेल्या महिन्यांचा आहे.

औषधांत एक नाव आपल्या अंगणातले आहे. व्हिन्क्रिस्टिन हे औषध सदाफुलीच्या पानांतून मिळते. १९६० च्या दशकापासून ते लहान मुलांच्या अनेक कर्करोगांत वापरले जाते. याचा अर्थ सदाफुलीचा पाला वाटून पाजावा असा मुळीच नाही. त्यात विषारी द्रव्ये आहेत, आणि शुद्ध औषधाचा डोसही मुलाच्या अंगाच्या मापाने, मिलिग्रॅमच्या हिशेबाने ठरतो. हेच औषध विल्म्सच्या गाठीवरही चालते. मूत्रपिंडाची ही गाठ बहुधा आंघोळ घालताना आईच्याच हाताला लागते. पोट एका बाजूला घट्ट, गुळगुळीत, आणि मूल तक्रार करत नाही. अशा वेळी जो तो पोट दाबून पाहतो, तेवढे मात्र करू नये. दाबाने गाठ फुटू शकते.

नाशकात आता कर्करोगाची रुग्णालये आहेत, पण लहान मुलांच्या अशा गाठींसाठी परळच्या टाटा रुग्णालयाची वाट आजही धरावी लागते. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सुरगाणा-पेठकडच्या माणसाला आधी एसटीने नाशिक, मग नाशिकरोडहून गाडी, कसारा घाट उतरून दादर. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून औषधोपचाराचा मोठा भार हलका होतो. बापाची बुडालेली रोजंदारी, मुंबईतले जेवण-राहणे आणि घरी ठेवलेली दुसरी मुले यांचा हिशेब मात्र कोणत्याच योजनेच्या कागदावर बसत नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा कुटुंबांना कित्येक वर्षे आसरा देत आली आहे. ऐन कांदाकाढणीत किंवा द्राक्षाच्या हंगामात पुढच्या डोसची तारीख येते, आणि मूल बरे दिसते म्हणून ती चुकते. अर्धवट सुटलेला उपचार हे या रोगांतले फार मोठे दुखणे आहे.

डोळा काढलेल्या मुलाला काही आठवड्यांनी कृत्रिम डोळा बसवतात. चांगला बसला तर नवख्याला चटकन ओळखू येत नाही, आणि मुले एका डोळ्यावर धावतात, वाचतात, सायकलही चालवतात. पण तपासण्या थांबत नाहीत. साधारण दहांतल्या चार मुलांत या रोगाचे मूळ जनुकांत असते, त्यामुळे दुसऱ्या डोळ्यावर नजर ठेवावी लागते. पाठच्या भावंडालाही आणायला सांगतात. परळच्या बाकावर मग दोन मुले असतात. एकाचा डोळा बसवलेला, आणि दुसरे अजून पाळण्यातले, बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी रडणारे. आई त्याची मान घट्ट धरून बसलेली असते.