भेदरलेल्या कुत्र्याचा सर्वांगीण इलाज

पुणे-बेंगळुरू महामार्गालगतच्या काकतीसारख्या गावात, जिथे अवजड वाहनांचे कर्णे रात्रीही थांबत नाहीत आणि दिवाळीत त्यांत फटाक्यांची भर पडते, तिथे पाळलेले कुत्रे पलंगाखाली थरथरू लागले अथवा परक्यावर धावून जाऊ लागले, तर त्यास शिक्षा फर्मावणे हा उघड अन्याय होय. कारण माणसाला जेमतेम २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक, आणि त्याच्या आक्रमकतेचे मूळ बहुधा भयातच असते.

प्रथम पशुवैद्याकरवी तपासणी करवावी, कारण कानाचा अथवा सांध्यांचा ठणका हेही चिडखोरपणाचे कारण असू शकते. मग निवाऱ्याचा बंदोबस्त, जेवणाच्या ठरलेल्या वेळा आणि पुरेसा व्यायाम. शेजारच्या तत्कालीन मुधोळ संस्थानाने नावारूपास आणलेली शिकारी जात तर धावण्यासाठीच घडलेली, तिला दिवसभर साखळीला जखडणे म्हणजे अस्वस्थतेला आमंत्रणच.

खरा इलाज मात्र सरावात आहे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी दाखविलेल्या साहचर्याच्या तत्त्वानुसार, फटाक्याचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी मंद लावून त्याच क्षणी आवडीचा घास द्यावा, आणि कुत्रे निश्चिंत दिसेल तेव्हाच आवाज किंचित वाढवावा. ते बिचकले तर मागची पायरी गाठावी. यास आठवडे, कधी महिनेही लागतात. भय तीव्र असल्यास पशुवैद्याने दिलेले औषध या सरावास साह्यकारी ठरते. माणसाच्या झोपेच्या गोळ्या मात्र आपल्या मर्जीने कदापि देऊ नयेत.